लाभ, दोन, तीन

माघातला मंगळवार, सकाळी धुकं, दहानंतर कडक ऊन, अशी माझ्या वहीत नोंद आहे. इन्सुलिनचं इंजेक्शन स्वतः घ्यायला शिकावं म्हणून मी थोरल्या अक्काला हुमनाबादच्या दवाखान्यात नेलं होतं. जमलं नाही, तर टोचून घ्यायला आमच्या दुबलगुंडी गावाहून रोज दोन खेपा ठरलेल्या.

शहरात वाढलेल्या नर्सबाईंनी पुढ्यात रबराचं पोट ठेवलं, हातात सरावासाठी पाणी भरलेलं इन्सुलिनचं पेन दिलं. "आधी याच्यावर शिका."

"ह्याला जेवाय काय घालता ओ?" अक्कानं विचारलं.

तिला बारीक आकडे दिसत नाहीत. म्हणून पेनाचं टोक फिरवताना होणारे टकटक आवाज मोजायचे होते. दहा आवाज म्हणजे दहा युनिट. अक्का मोजू लागली, "लाभ, दोन, तीन..." आणि दहाला थांबली.

"एक म्हणालाच नाहीत. नऊ झाले. परत."

अक्कानं पेन शून्यावर आणलं आणि पुन्हा मोजलं, "लाभ, दोन, तीन..."

"अक्का, नऊच! एक कामून म्हणत न्हाई तुम्ही?" बाई आता अक्काच्याच बोलीत बोलल्या.

"पन्नास वर्सं ज्वारी मापायले मी. पहिल्या मापाला एक म्हणलं की रास एकावरच थांबती. लाभ म्हंजेच एक, पोरी. माझ्यावर इस्वास न्हाई तर आकडा बघ."

बाईंनी पेनाच्या खिडकीत पाहिलं. दहा होते.

"व्हय की," त्या म्हणाल्या. "टोचा."

अक्कानं रबराची कातडी चिमटीत धरली, सुई सरळ घातली, बटण शेवटपर्यंत दाबलं.

बाईंनी कार्डावर लिहिलं, "दहा युनिट, लाभ धरून. स्वतः घेतात."