हेडफोनचं सोवळं

मंडळी, एक प्रश्न विचारतो. हातात काम आहे — पोटाचं, मानाचं, ऐन महत्त्वाचं. आणि त्याच वेळी लेकरू दाराशी येऊन उभं राहिलं. आधी कोण? काम की लेकरू?

"लेकरू!" — बघा, किती पटकन म्हणालात! देवळात बसलं की सगळेच साधू. घरी गेल्यावर विचारतो हं!

तर ऐका. अकोल्याची गोष्ट. महिना एप्रिल. अकोल्याचा एप्रिल ज्यानं पाहिला नाही, त्यानं ऊन म्हणजे काय ते पाहिलंच नाही! शाळेनं सांगून टाकलं — पोरांनो, येऊ नका, अभ्यास घरीच करा. झालं! गुरुजी सुटले, आईबाप सापडले!

त्या गावात वृषाली धानोरकर नावाची बाई. औषधांच्या कंपनीत नोकरी. कुठल्या गावाला किती औषध पाठवायचं, ते ही घरी बसून लॅपटॉपवर ठरवायची. नवरा चंद्रपूरला कोळशाच्या खाणीवर. घरात सासूबाई, कुसुमताई, आणि सहा वर्षांची लेक, मनवा.

आता मनवाचं दुखणं काय? वाचन! 'क' ओळखायची, 'प' ओळखायची, पण शेजारी शेजारी आले की पोर गप्प. शाळेतल्या बाईंनी कळवलं होतं, "घरी जवळ घेऊन बसा हो हिला." वृषालीच्या जिवाला तोच घोर. पण बसणार कधी? कंपनीत वरची जागा रिकामी झालेली. सहा वर्षं राबली होती त्या जागेसाठी. पुण्याच्या मोठ्या मॅडम रोज बघत होत्या, ही पेलेल का? सकाळी मीटिंग, दुपारी मीटिंग! आणि पोर मधेच येऊन पदर ओढते — म्हणजे पदर कुठला आता, कुर्ता ओढते!

शेवटी वृषाली म्हणाली, "मनू, हेडफोन कानावर असला की मला हात लावायचा नाही. हाक मारायची नाही. कळलं?"

कुसुमताई लसूण सोलत होत्या. म्हणाल्या, "म्हणजे सोवळंच की गं बाई! आमच्या आजेसासूबाई अशाच. ओलेत्यानं स्वयंपाकाला लागल्या की कुण्णी शिवायचं नाही. शिवलं की पुन्हा आंघोळ!"

थट्टा होती हो! पण लहान मुलांपुढे थट्टा जपून करावी. ती खरं मानतात. मोठी माणसं कीर्तनसुद्धा खरं मानत नाहीत, ते सोडा!

मनवानं मानलं. आई सोवळ्यात! दाराशी यायची, हेडफोन बघायची, परत जायची. आठवडाभर पोरीनं आईला बोट लावलं नाही. आणि वृषाली काय म्हणाली? "किती शहाणी झाली माझी बाय!" मंडळी, घरातलं लेकरू एकाएकी शहाणं झालं ना, की जरा उठून बघावं!

मग तो दिवस आला. मोठी मीटिंग. पुण्याच्या मॅडम, मुंबईचे साहेब, पडद्यावर नऊ तोंडं. वृषालीनं बोलायला सुरुवात केली, छान रंग भरला... आणि दार उघडलं!

दारात कोण? मनवा! अंगात लोकरीचा स्वेटर, डोक्याला माकडटोपी, हातात लोकरी मोजे! बाहेर चव्वेचाळीस डिग्री! पोर लालबुंद, घामाच्या धारा, काखेत पुस्तक. सरळ आली आणि आईला शिवली.

"अगं, हे काय सोंग!"

"आजीला विचारलं मी," मनवा म्हणते, "सोवळ्यात आईला मुळीच शिवता येत नाही का? आजी म्हणाली, लोकरीचं घालून शिवलेलं चालतं. पेटीतनं काढलं सगळं. आई, मी वाचते. ऐकतेस?"

मुंबईचे साहेब म्हणाले, "मॅडम, आपण पुढे जाऊ या का?"

आता काय करावं तिनं? सहा वर्षं राबून मिळणारी जागा समोर, आणि घामानं निथळणारी पोर शेजारी! सांगा ना! मघाशी फार पटकन बोललात!

वृषालीनं हेडफोन काढला. आधी माकडटोपी काढली पोरीची. म्हणाली, "वाच."

"पो... पट... झा... डा... वर... आहे. पोपट झाडावर आहे!"

वृषालीला रडू फुटलं. नऊ माणसांदेखत रडली!

आता तुम्हाला वाटेल, साहेब विरघळले, बढती दिली. छे हो! जागा दुसऱ्याला गेली. वाईट वाटलं का? वाटलं! दोन दिवस धड जेवली नाही. संत नाही हो ती, नोकरदार बाई आहे! पण तिसऱ्या दिवशी पुण्याला फोन करून स्पष्ट सांगितलं, "बारा ते एक मी नाही. त्या वेळात माझी मुलगी वाचते." आणि नवऱ्यालाही, "संध्याकाळचं गणित फोनवरनं तुम्ही घ्यायचं." पुरुष मंडळी, आता का हसू येत नाही?

सोवळं वाईट नाही, मंडळी. काम हीसुद्धा पूजाच. पण आजेसासूबाईंचं सोवळं नैवेद्य झाला की सुटायचं, सगळी पंगत एकत्र बसायची. आपलं सुटतं कधी?

अहो, तिसऱ्या रांगेतले निळा शर्टवाले! हो, तुम्हीच! ती चिमुरडी केव्हाची तुमची बाही ओढतेय, आणि तुम्ही तिला गप्प करताय — कीर्तन ऐकायचंय म्हणून! थांबलो मी. टाळ थांबवा रे! विचारा तिला आधी.

काय म्हणते? ... शू लागलीय?

अहो, मग उठा की! न्या तिला! देव काही कुठं जात नाही. तुम्ही परत येईपर्यंत आम्ही सगळे नाम घेत बसतो.