कोरा रकाना

मंडळी, दुपारचं कीर्तन आहे, प्रसादाचं जेवण अंगावर आलंय, खांबाला टेकून बसलेल्यांचे डोळे मिटायला लागलेत — मला इथून सगळं दिसतं हं! तेव्हा आधी एक प्रश्न विचारतो, म्हणजे झोप उडेल.

खरं काय ते कुणाला विचारायचं असेल, तर अट घालून विचारता येतं का?

नाही कळलं? बघा. एका ज्योतिषानं सांगितलं, पत्रिका जुळत नाही. आपण काय करतो? दुसऱ्याकडे जातो! त्यानंही मान हलवली की तिसऱ्याकडे! जो ‘जुळते’ म्हणेल, तो खरा विद्वान! मग मला सांगा, आपण विचारायला गेलो होतो, की वदवून घ्यायला?

हसलात. हसा. थोड्या वेळानं तुमच्यावरच येणार आहे.

याच प्रश्नावर आज आख्यान लावतोय. पुराणातलं नाही, आमच्या मिरजेतलं. माझे साथीदार तुमच्या गावाला नवीन आहेत, त्यांची ओळख करून द्यायची राहिली, ती शेवटी देतो. आता ऐका!

मिरजेत दोन मित्र. एक नरहर लिमये, पेटी वाजवणारे, आम्ही सगळे नरूभाऊ म्हणतो. दुसरे यशवंत शिंत्रे, तबल्याचे. घरं समोरासमोर, मध्ये एक बोळ. इकडे फोडणी पडली की तिकडे ठसका लागायचा. वय दोघांचं सत्तरीला टेकलेलं. माझ्या कीर्तनाला साथ याच जोडीची. पेटीनं स्वर धरावा, तबल्यानं त्यात स्वर मिळवावा, आणि मध्ये उभं राहून मी नुसतं तोंड उघडावं!

हे दोघं दहा वर्षांचे होते तेव्हा बिस्किटाच्या पुड्यात क्रिकेटवाल्यांची चित्रं यायची. पत्त्याएवढं कार्ड, पुढं खेळाडू, मागं त्याच्या धावा आणि बळी. एके दिवशी एकाच दुकानातून दोघांनी दोन पुडे घेतले आणि फोडले — तर दोघांनाही तोच खेळाडू! तो डावखुरा फिरकीवाला, जो पाच-पाच महिने कुणाला मिळत नव्हता! पोरं नाचली हो बोळात! बिस्किटं कुत्र्यानं खाल्ली, कुणाला शुद्ध नाही!

ती दोन कार्डं दोघांनी साठ वर्षं जपली. नरूभाऊंचं गीतेच्या पोथीत. यशवंतरावांचं तबल्याच्या पेटीत.

आता या कार्डांचं हल्ली एक शास्त्र निघालंय. कंपन्या असतात. कार्ड पाठवायचं, ते भिंगाखाली धरतात, कोपरे बघतात, कडा बघतात, छपाई मधोमध आहे का बघतात, आणि दहापैकी गुण देतात! मग कडक काचेसारख्या प्लॅस्टिकच्या डबीत ते कायमचं बंद करतात, वर गुणांची चिठ्ठी. दोघांनी हौसेनं पाठवली. डब्या आल्या. रामनवमीच्या आदल्या दिवशी देवळातच उघडल्या.

यशवंतरावांना आठ. नरूभाऊंना सहा.

इथंच कली शिरला बघा! यशवंतराव स्वभावानं मोकळे, हसत हसत बोलून गेले, “नरू, तुझा सहावरच बाद झाला की रे! पोथीतला खेळाडू अध्यात्माला लागला वाटतं!”

सगळे हसले. एक माणूस हसला नाही.

नरूभाऊ म्हणाले, “यशवंता, दुसऱ्या कंपनीकडून नऊ आणतो. त्याशिवाय तुझ्या शेजारी पेटी घेऊन बसणार नाही.”

साठ वर्षांची मैत्री, मंडळी! शाळेचा बाक एक, मुंजी एका मांडवात — आणि तुटायला पुरले दोन गुण! लोकांना वाटलं, राग आहे, चार दिवसांत निवळेल. आठ महिने निवळला नाही! त्या रामनवमीला तेवढे देवासाठी म्हणून बसले, पण कसे? अहो, तबला मिळवायचा तर पेटीनं स्वर द्यावा लागतो. यशवंतराव हातोडी घेऊन तयार. नरूभाऊ छताकडे बघतायत. शेवटी यशवंतराव मला म्हणतात, “बुवा, त्यांना म्हणावं, काळी दोन द्या.” नरूभाऊ मला म्हणतात, “बुवा, त्यांना म्हणावं, आठवाल्याला स्वर कशाला लागतो?” मी कीर्तनकार की पोस्टमन?

पेटीवाले, मान खाली का घातलीत? बघा, बघा, लोकांकडे बघा.

बरं. नरूभाऊंनी दुसऱ्या कंपनीचा फॉर्म मागवला. जुन्या कंपनीच्या डबीतलं कार्ड दुसऱ्या कंपनीकडून तपासून घ्यायचं असेल तर तशी सोय असते. आणि त्या फॉर्मवर एक रकाना होता — मंडळी, इथं कान द्या, सगळं कीर्तन या रकान्यात आहे! रकाना असा: किमान किती गुण हवेत? म्हणजे, तेवढे मिळत असतील तरच आमची डबी फोडा. कमी भरत असतील तर फोडू नका, आम्हाला काही सांगू नका, तसंच परत पाठवा!

नरूभाऊंनी ठसठशीत अक्षरात लिहिलं — नऊ.

तीन आठवड्यांनी पाकीट आलं. डबी जशीच्या तशी. सोबत एक ओळ: आपण मागितलेले किमान गुण देता येत नाहीत.

“अरे पण मग किती येतात?” नरूभाऊ त्या कागदाला विचारतायत! “आठ येतात? सात येतात? दोष काय आहे?” कागद काय बोलणार? तुम्हीच लिहिलंत ना, नऊच्या खालचं ऐकवू नका म्हणून! त्यांना दिसलं असेलही. पण तुम्ही त्यांच्या तोंडाला आधीच कुलूप लावलंत!

आणि आपण हसतोय कुणाला? देवापुढं हात जोडून “माझं काय चुकलं ते दाखव” म्हणतो, आणि मनातल्या मनात रकाना भरतो — सुनेचं चुकलं असेल तर दाखव!

आता पुढं बघा. नरूभाऊ दोन दिवस जेवले नाहीत धड. तिसऱ्या दिवशी उठले, अडकित्ता घेतला, डबीच्या कडेला लावला — त्यांच्या सौभाग्यवती मंदावहिनी स्वयंपाकघरातून ओरडल्या, “अहो, सुपारी फुटायची नाही त्यानं उद्या!” — आणि कडाड्! डबी फुटली! सहाची चिठ्ठी गेली, जुना निकाल गेला, कार्ड उघडं, साठ वर्षांपूर्वी पुड्यातून निघालं तसं! आता ते साध्या पाकिटातून जाणार. असं उघडं कार्ड पाठवलं की अट घालता येत नाही. जे निघेल ते निघेल, आणि निघेल ते ऐकावं लागेल!

थोरली बहीण, कृष्णाक्का, दारातल्या खुर्चीत वाती वळत होत्या. वय ऐंशी. म्हणाल्या, “नरू, इतकं काय बघायचंय रे त्यात?”

“खरं काय ते बघायचंय, आक्का!”

“बघ बाबा,” म्हणाल्या आणि पुढची वात वळायला घेतली.

पाच आठवडे! पोस्टमनची सायकल बोळात वळली की नरूभाऊ उंबऱ्यावर! अखेर पाकीट आलं. उघडलं. गुण किती?

शून्यसुद्धा नाही, मंडळी! गुणच नाहीत! लिहिलं होतं: कार्ड अस्सल आहे, मापातही बसतं. परंतु उजवी कड छपाईनंतर कात्रीनं कापलेली आहे. गुण देता येत नाहीत.

कापलेली! अहो, पहिल्या कंपनीला दिसलं नव्हतं ते! आणि नरूभाऊंच्या डोक्यात वीज चमकली. त्या वर्षी उन्हाळ्यात ते आठ दिवस आजोळी गेले होते. कार्ड सांभाळायला दिलं होतं कुणाकडे? यशवंताकडे!

बोळ ओलांडायला चार पावलं लागतात, कार्ड आणि कागद मुठीत धरून नरूभाऊंनी दोनच टाकली असतील! आठ महिन्यांनी त्या घरात पाय ठेवला तो असा! यशवंतराव जमिनीवर बसून, हातोडी घेऊन तबल्याची कातडी वादी ताणत होते.

“कापलंस ना? साठ वर्षं माझ्याबरोबर हसलास, आणि माझं कार्ड कापून बसलास! वर म्हणतोस, सहावर बाद!”

यशवंतरावांनी हातोडी खाली ठेवली. कागद वाचला. पुन्हा वाचला. म्हणाले, “नरू, मी कापलं असतं तर तुझ्या डोळ्यांसमोर कापलं असतं. मागून कापायची सवय मला कधी होती?”

आणि ते खरं होतं हो! पण कात्री तर लागलेली! मग कापलं कुणी?

तेवढ्यात दारात काठी वाजली. आक्का! बोळ ओलांडून आलेल्या, धापा टाकत.

“ओरडतोस कशाला गल्ली गोळा करून? मी कापलंय.”

“तू?”

“मीच. भरतकामाच्या कात्रीनं.” आक्का टेकल्या. “विसरलात दोघं? तू दोन्ही कार्डं पाठीला पाठ लावून मोजलीस. तुझं कार्ड दोऱ्याएवढं रुंद भरलं. माझा खेळाडू मोठा, तुझा बारका म्हणून ह्याला चिडवून चिडवून जीव नकोसा केलास. ह्यानं तुझ्या कानाचा चावा घेतला. बोलणं बंद! ह्याची आई रडवेली, आपली आई रडवेली. आजोळी जाताना आईनं दटावून तुझ्याकडून कार्ड ह्याच्या हातात देवविलं, त्याआधी रात्रीतून मी दोऱ्याएवढी कड उडवली. परत आलास, पुन्हा मोजलंत — सारखी! मिठी मारलीत की रे मेल्यांनो!”

मंडळी! साठ वर्षांपूर्वी चिडवणारा कोण होता? नरू! मोठेपण मिरवणारा कोण होता? नरू! आणि जो दोष सापडला म्हणून तो भांडायला आला, तो दोष नव्हताच — ती तर मैत्री टिकवायला मारलेली कात्री होती!



आणि यशवंतरावांनी काय केलं? कोनाड्यातून आपली आठ गुणांची डबी काढली. “नरू, अडकित्ता आहे?” पान खाणारा माणूस, खिशात असायचाच! हातातून हिसकावला आणि — कडाड्! आठ गुण जमिनीवर! “आक्का, घ्या कात्री. माझीही एक कड उडवा. सुटू दे एकदाचं!”

नरूभाऊंनी झडप घालून हात धरला. “यशवंता, नको! नको रे!” रडतायत! सत्तरीचा माणूस ओक्साबोक्शी रडतोय!

आक्का म्हणाल्या, “वेड्यांनो, आता ह्याचं कापलं तर ते बारकं होईल, आणि पुन्हा तुमचं तेच सुरू! मी तेव्हाच मोजून कापलंय. आणा इकडे.”

दोन्ही कार्डं घेतली. पाठीला पाठ लावली. उजेडाकडे धरली.

केसाचाही फरक नाही!

मग सांगा मंडळी, नरूभाऊंना हे कधी कळलं? नऊ लिहिलं तेव्हा? नाही! अट घातली तेव्हा बंद डबी परत आली. अट सुटली तेव्हा घाव बसला, पण त्याच घावातून मित्र परत आला!

आता तुमची पाळी. संध्याकाळी इथंच आरतीला याल, देवासमोर उभे राहाल. घरी कुणी तरी असेल ज्याच्याशी आठ महिने बोलला नाहीत. भाऊ असेल, जाऊ असेल, शेजारी असेल. विचारायचं असेल ना देवाला, चुकलं कुणाचं? जरूर विचारा! पण तो रकाना कोरा ठेवा. ठेवाल? की हात जोडता जोडताच नऊ लिहाल?

बरं, साथीदारांची ओळख राहिली. गोष्ट सांगायची परवानगी मी दोघांकडे मागितली होती. दोघंही हो म्हणाले, आणि एकानंही अट घातली नाही.

तबल्यावर, यशवंतराव शिंत्रे. पेटीवर, नरहर लिमये.

नरूभाऊ, डोळे मागाहून पुसा — ते हातोडी घेऊन थांबलेत. स्वर द्या!