फ्लेक्सवरची तीट

...अन् वर मलाच विचारतात, "आप्पा, तीट कुठंय?" आता कुठंय म्हणजे? मी काय खिशात घालून नेली? तुम्हाला सांगतो, एवढासा काळा ठिपका, मोहरीपेक्षा जरासा मोठा, पण त्याच्यापायी वयाच्या चोपन्नाव्या वर्षी, भर आठवडी बाजारात, पाटोद्याच्या बसस्टँडसमोर मी शिडीवर चढलो! खाली निम्मा तालुका, हातात रंगाचा ब्रश, अन् समोर सहा महिन्यांचं लेकरू, दहा फूट उंच!

थांबा, असं नाही कळायचं. पहिल्यापासून सांगतो.

माझा फोटो स्टुडिओ आहे. बावीस-तेवीस वर्षं झाली. मी फॉर्मचे फोटो काढतो. निळा पडदा, लोखंडी स्टूल, "हनुवटी वर, खांदे सरळ, हलू नका," खट्! पुढचा! या तालुक्यातली निम्मी माणसं सरकारदरबारी माझ्याच हातची घाबरलेली आहेत. पण लेकरं माझ्याकडं नव्हती. लेकरं कावेरीकडं. कावेरी म्हणजे आमच्या घरच्या. निळ्या पडद्याच्या पलीकडं, खिडकीपाशी, गादी टाकून ती पालथी पडायची अन् तासतासभर लेकराशी गप्पा मारत बसायची. काय बोलायची कुणास ठाऊक, पण लेकरं हसायची. मी एकदा मदतीला गेलो, म्हणालो, "बाळा, समोर बघा, हलू नका." तर ती कॅमेऱ्यामागून ओरडली, "अहो, लेकरू हाय ते, फारमाचा फोटू न्हाई!" झालं. हात जोडले अन् गपगुमान निळ्या पडद्याकडं परत.

ती गेली त्याला आता दोन वर्षं होतील.

तर... काय सांगत होतो? हां, लेकरं. पहिलं वर्षभर मी लेकरं दारातूनच परत पाठवली. बायका यायच्या, आत डोकवायच्या, लेकरू घेऊन परत जायच्या. मग एके दिवशी बघतो तर मीच खिडकीपाशी रिकामी खोकी रचायला लागलेलो! म्हटलं, नाही. हा कोपरा अडगळीचा होऊ द्यायचा नाही. शिकायचं!

पण शिकवणार कोण? आमची शिवांजली, म्हणजे लेक, पुण्याला असते. तिनं मोबाईलवर व्हिडिओ पाठवले. त्यातली बाई म्हणते, खोली उबदार ठेवा. अहो बाई, मे महिना, पाटोदा! इथं भिंतीला हात लावला तर पोळतंय! पुढं म्हणते, बाळाच्या डोळ्यांच्या पातळीला या. आता पातळीला यायचं म्हणजे पालथं पडायचं. मी पडलो. पण आमचं पोट मध्ये; डोकं खाली गेलं की पाय वर, पाय टेकवले की डोकं वर... लेकराचा पाळणा राहिला बाजूला, मीच झुलतोय!

अन् अशात विठ्ठलराव आले. गावातलं मोठं प्रस्थ. नातवाचं जावळ होतं, चिरंजीव अभिमन्यू, लेकीचा मुलगा. मला म्हणाले, "आप्पा, वहिनींनी आमच्या वैष्णवीचा काढलता ना लहानपणी, आजून भित्तीवर हाय. आता तिच्या लेकराचा तुमी काढा. तसाच पायजे. हसरा!" तसाच! तुम्हाला सांगतो, मी नाहीच म्हणणार होतो. कारण हा फोटो फसला, तर माझ्या दारात पुन्हा लेकरू घेऊन कोण येणार? मग रचा खोकी!

आले. वैष्णवी आली, कडेवर लेकरू, मागं आजी तुळजाबाई. लेकरू असं गोरंगोमटं, डाव्या गालावर काजळाची तीट. गादीवर ठेवलं. त्यानं माझ्याकडं बघितलं. कसं? तहसीलदार अपुऱ्या कागदपत्रांकडं बघतो ना, तसं! मी खुळखुळा वाजवला. ढिम्म. मांजर काढलं, कावळा काढला, बोकड काढला. तुळजाबाई म्हणतात, "बोकड नगं, जावळाला बोकडच हाय, जेवण आठवतंय त्येला." त्याला कुठलं आठवतंय, दात तरी आहेत का! मग त्यानं गादी ओली केली. मग चादरीचं टोक खाल्लं. मग माझा चष्मा. पाऊण तास झाला, घामानं माझा सदरा अंगाला चिकटलेला, अन् शेवटी, काय सांगू, तोंडातून सवयीनं निघालं, "हनुवटी वर! खांदे सरळ! हलू नका!"

अन् लेकरू खुदकन् हसलं.

मला वाटलं, उचकी असेल. पुन्हा म्हणालो, "हनुवटी वर!" पुन्हा हसलं! "खांदे सरळ!" हात आपटून हसलं! बावीस वर्षं ज्या वाक्याला माणसं भेदरली, त्या वाक्याला ते पोर बोळकं दाखवून खिदळतंय! मी खट् खट् खट्... चाळीस फोटो! तुळजाबाईंनी पदर डोळ्याला लावला. मी वर बघितलं अन् मनात म्हटलं, बघ गं, लेकरू हाय ते, फारमाचा फोटू न्हाई!

इथंच थांबलो असतो तर? पण नाही! संध्याकाळी बसलो कॉम्प्युटरपुढं. आता तुम्ही म्हणाल, आप्पा, तुम्हाला तीट कळत नाही? अहो, कळते ना! माझ्याही गालाला लावलेली होती. पण कॉम्प्युटरपुढं बसलं की मी माणूस राहत नाही. पुटकुळी दिसली, काढ. चामखीळ दिसली, काढ. गालावर काळं दिसलं की बोट आपोआप चालतं. एक टिचकी, गाल साफ! वर स्वतःवर खूश. म्हटलं, काय स्वच्छ आलाय!

विठ्ठलरावांनी त्या फोटोचा दहा फुटी फ्लेक्स बीडहून छापून आणला, रात्रीतून स्टँडसमोर लागलाही. जावळाचा दिवस उजाडला, सकाळी आठला विठ्ठलरावांचा फोन. "आप्पा, लेकरू पहाटंपासून रडतंय. दूध घेईना. आन् हिनं फ्लेक्स बघितलाय. तुमी आधी स्टँडवर या."

गेलो. फ्लेक्सखाली तुळजाबाई, कमरेवर हात. "आप्पा, तीट कुठंय?" मी म्हणालो, "काकू, ते... साफ केलं." "साफ केलं? दहा फुटाचं लेकरू चौकात उघडं टाकलं, आन् साफ केलं म्हंतो? गेवराईची यष्टी आली, अख्खी यष्टी बघून गेली! कड्याची आली, त्यांनीबी बघितलं! कुणाकुणाची दृष्ट काढू मी? मिरच्या सपल्या घरातल्या!" आणि मग तेच, अगदी तेच, हो, माझी शपथ, "लेकरू हाय ते, फारमाचा फोटू न्हाई!"

दोन वर्षांनी ते वाक्य कानावर आलं अन् तेही चौकात! शेजारच्या दुकानातून काळा रंग आणला, शिडी लावली, चढलो. भाजीवाल्यांनी भाजी सोडली. कंडक्टरनं घंटी द्यायची थांबवली. मी ब्रश टेकवतो, तर खालून आरोळी, "डाव्या गालावर! डाव्या!" मी माझ्या डाव्या हाताकडच्या गालावर दिली लावून, चांगली भाकरीएवढी. "आरं तुझ्या डाव्या न्हाई! त्याच्या डाव्या!" आता समोरच्याची डावी ती आपली उजवी, हे फोटोवाल्याला कळू नये? पण शिडीवर डावं-उजवं राहतंच कुठं, नुसतं वर अन् खाली राहतं! मग दुसऱ्या गालावर दुसरी. दोन झाल्या. मी वरूनच विचारलं, "काकू, एक पुसू का?" त्यांनी जरा मागं सरून बघितलं अन् म्हणाल्या, "ऱ्हाऊ दी. लेकरू लई मोठं हाय."

अन् घरी चिरंजीव? दूध पिऊन झोपलेले! तिटेमुळं की वैष्णवीनं ओवा चोळला त्यामुळं, हे मी विचारलं नाही. कोण विचारणार!

दुकानात परत आलो. हातात ब्रश तसाच, काळा. समोर भिंतीवर कावेरीचा फोटो. हार घातलेला. हा फोटो मीच केलेला, ती गेली त्या आठवड्यात. सगळे म्हणाले, छान केलाय, आप्पा. पण मला तो कधी बघवायचाच नाही. वाटायचं, कुणी दुसरीच बाई आहे ही, ओळखीची पण दुसरी. वाटलं, दुःखात तसंच होत असेल. त्या दिवशी शिडीवरून उतरून आल्यावर कळलं. तिच्या हनुवटीवर तीळ होता. डाव्या बाजूला. मीच साफ केलेला. एक टिचकी.

फोटो उतरवला. काच काढली. ब्रशचा एकच केस धरून टेकवला. तिच्या डाव्या बाजूला. या वेळी चुकलो नाही.

...हां. तर सवय मोडली, एवढं खरं. पण इतकी मोडली की काय सांगू! परवा केदारनाथ मास्तर आले, पेन्शनच्या फॉर्मसाठी. मी त्यांना खिडकीपाशी गादीवर बसवलं. का बसवलं? मला माहीत नाही! खुळखुळा वाजवला. मास्तर हसले, सगळी कवळी दिसली. मी चामखीळही ठेवली नाकावरची. फॉर्म परत! मास्तर तणतणत दारात, "आप्पा, फारमाचा फोटू हाय ह्यो, लेकरू न्हाई मी!"

आता करावं काय माणसानं? काढून दिला दुसरा. अन् म्हणालो, "पुढचं कोण?" बघतो तर दारात तीन बायका, तिघींच्या कडेवर लेकरं! माझ्या दारात! गेल्या दोन वर्षांत... जाऊ द्या. पण प्रत्येक लेकराच्या गालावर तीट केवढी? रुपयाएवढी! एकाचा तर अर्धा गाल काळा! म्हटलं, "अहो, एवढी मोठी कशाला?"

तर पुढची म्हणते, "आप्पा, राग नका धरू. पण समदं गाव म्हंतंय, लोकाची नजर लेकराला लागती, तुमची तिटंलाच लागती!"