उसन्या पंख्याची श्रीमंती

गरिबी कशी मोजतात म्हणता? आमची पंख्यावरून मोजली, ऐका.

पिवळी रेशनकार्डं नवीन निघाली तेव्हाची गोष्ट. आम्ही कोपरखैरण्यात राहायचो, नवरा वाशीच्या मार्केटात गोण्या उचलायचा. पिवळं कार्ड मिळालं तर धान्य स्वस्त पडणार होतं. पण आधी रेशन ऑफिसातला साहेब घरी येऊन आम्ही खरंच गरीब आहोत का ते बघणार होता.

आता घरी आलेल्या माणसाला काय फरशीवर बसवायचं? समोरच्या शिंदेवहिनींची खुर्ची मागून आणली. शेजारच्या फरीदाभाभीचा टेबलफॅन लावला, फुलाफुलांची कपबशीही तिचीच.

साहेब ऐटीत बसला, वारा खाल्ला, चहाचा घोट घेतला आणि म्हणाला, "खुर्ची, पंखा, अशी कपबशी! बाई, तुम्ही कुठल्या गरीब? पिवळं कार्ड विसरा."

माझं डोकंच फिरलं. दारातून ओरडले, "वहिनी, भाभी, आपापलं सामान घेऊन जावा!"

भाभीनं पंखा उचलला. वहिनी खुर्चीपाशी येऊन म्हणाल्या, "उठा साहेब, आमच्या मामंजींना बसायचंय."

साहेब उठला. हातात कप, कपाळावर घाम.

"आता मोजा," मी म्हटलं.

त्यानं हळूच विचारलं, "हा कपही भाभींचाच का?"

"हो. पण चहा माझा आहे, तो प्या निवांत."

त्यानं उभ्यानंच चहा संपवला, आणि उभ्यानंच आम्हाला गरीब लिहिलं.