होडीवरची रोषणाई

माझा जन्म पाचोडचा. पोलीस ॲक्शन झाली आन् त्याच्या दुसऱ्या सालात मी झालो, असं अम्मी सांगायची. बाप वरातीला गॅसबत्त्या पुरवायचा, मग लाईट आली, बत्त्या गेल्या, आन् मी वायरमन झालो. शहरात आलो, लग्नं, ईद, गणपती, सगळ्याची लाईटिंग केली, पण लोकं शब्बीर मिस्त्रीला वळखायची ती होडीमुळं.

तलावावर एक ठेकेदार होता, त्याची मोठी लाकडी होडी, वर लोखंडी कठडा. दिवाळीत तिला माळा लावून लोकांना फिरवायचा. माळा मी लावायचो आन् होडी कचरू भोई चालवायचा, बिडकीनचा, माझ्याच वयाचा. काय सांगू तुम्हाला, दिवस बुडताना ती होडी निघाली की बायका लेकरांना उचलून दाखवायच्या. मी सगळं ट्रकच्या बॅटरीवर करायचो, बारके बल्ब, उजेड कमी पण जिवाला धोका नाय.

एका साली ठेकेदार म्हणला, मिस्त्री, उजेड पडत नाय, काठावरून केबल टाका, होडी जागेवरच उभी करू, लोकं चढून फोटो काढतील. म्हणलं, पाणी हाय, लोखंड हाय, मी नाय करणार. तो म्हणला, मग दुसरा करील. मी पक्कड उचलली आन् घरी आलो. इथपर्यंत बरोबर होतो बघा मी. इथपर्यंत.

पाडव्याच्या सांजेला बायको म्हणली, चला बघून येऊ. खरं सांगतो, दुसऱ्यानं काम किती वाईट केलंय ते बघायलाच मी गेलतो. उजेड लई होता, आपल्यापेक्षा लई. लोकं चढायची होती अजून. आन् मला दिसलं, केबलचा एक जोड, नुसती टेप गुंडाळलेला, कठड्याला घासत होता, टेप निघाली होती. सांगायला पाहिजे होतं. पण ठेकेदार तिथंच खुर्ची टाकून बसलेला, मला बघून हसला, आन् माझ्या मनात आलं, होऊ दे फजिती, फ्यूज उडंल, अंधार पडंल, मग येतील माझ्याकडंच. फजितीच म्हणलो होतो मी, अल्ला जाणे, दुसरं काय मनात नव्हतं.

लोकं चढवायला कचरू होडी काठाला ओढून घ्यायला पाण्यात उतरला आन् त्यानं कठडा धरला. ओरडला बी नाय. चिकटला. मी पळालो, मेन बंद केली, तो पाण्यात पडला, लोकांनी काढला. जगला. पण उजव्या हाताची मूठ परत वळली नाय, वल्हं सुटलं ते सुटलंच.

आन् लोकं म्हणायला लागली, शब्बीरभाईनं वाचवलं. त्याची बायको माझ्या पाया पडली. ईदला कचरू घरी यायचा, डाव्या हातानं शिरखुर्मा खायचा, आलेल्या-गेलेल्याला सांगायचा, ह्याच्यामुळं मी हाय. सात-आठ वर्षं ते ऐकलं मी, ऐकून ऐकून थकलो. शेवटी एका ईदला सांगून टाकलं, जोड मला आधी दिसला होता. त्यानं वाटी खाली ठेवली. मग म्हणला,

"नुसती हाक मारायची होतीस रे."

आन् उठून गेला. दोन वर्षं आला नाय.

मग दिवाळीच्या तोंडावर त्याचा निरोप आला, लेकानं धरणाच्या पाण्यावर होडी घेतलीय मासे धरायला, माळ लावायला ये. गेलो बॅटरी घेऊन. तो काठावर बसलेला, ये म्हणला नाय, बस म्हणला नाय. मी माळ लावत गेलो, तो एकेक जोड बघत गेला. काम झालं तसा उठून होडीपाशी आला.

"हात लावू का?"

"थांब, आधी मी लावतो."

बॅटरीवर काय होतंय, मला ठाव होतं, त्याला बी ठाव होतं. तरी पायजमा वर करून पाण्यात उतरलो, दोन्ही हात होडीला लावले. मग त्यानं त्याचा तो हात लावला, न वळणारा.

तेव्हापासून दरसाल जातो. आता गुडघे धरतात, एस्टीची पायरी चढवत नाय, तारेचे रंग बी नीट दिसत नायत, दोनदा बघावं लागतं. तो जुनं काढत नाय, मी बी काढत नाय. माफ केलं का, ते मी इचारलं नाय, आता इचारून तरी काय करायचं. अल्ला त्याला लेकराबाळांत सुखी ठेवो. यंदा बी निरोप आलाय. जाईन.