विहीणबाईंची सीट

नागुबाई : बटन माझ्या खुर्चीला हाय, इहीणबाई, तुमच्या न्हाई. दाबलं की पाठ मागं जाती. दाबलं, गेली. त्यात एवढं वरडायचं काय?

चतुराबाई : वरडू नको तर काय करू? तुमच्या खुर्चीमागची फळी पाडून डबा ठिवला होता म्होरं. तुमची खुर्ची धाडकन आली अन् डबा दाबला. कर्रकन वाजलं. तुमाला ऐकू आलं न्हाई?

नागुबाई : ह्या इमानाच्या घरघरीत तुमचा डबा कुठं ऐकू येतो?

चतुराबाई : घरघर आज हाय. माझं तुमाला कवाच ऐकू आलं न्हाई. मागं बघून “जरा रेलते” एवढं म्हणलं असतं, तर जीभ झिजली असती?

नागुबाई : मी इचारायचं? पोराच्या आईनं पोरीच्या आईला इचारून पाठ टेकायची?

चतुराबाई : हां! आलं बघा पोटातलं भाईर.

नागुबाई : हळू बोला. हे झोपलेत.

चतुराबाई : झोपू द्या व्याह्यांना. ते लग्नात बी झोपलेलेच होते. तवा बी तुमीच एकट्या बोलत होताव. पंगत आधी आमची बसंल, मानाच्या साडीचा काठ असाच पायजे, तसाच पायजे. लोड तुमच्याच पाठीला होता, इहीणबाई. मी मांडवात उभीच्या उभी.

नागुबाई : रिवाज होता तो. मी काढला का?

चतुराबाई : काढला न्हाई. पर सोडला बी न्हाई. खाली मांडवात ठीक. आता ढगात आलाव तरी तोच रिवाज? तुमी रेलायचं अन् मी गुडघे पोटाशी घ्यायचे?

नागुबाई : माझी कंबर काय हाय ते तुमाला ठावं हाय का? सारी जिंदगी अर्धापुरात केळीचे घड वाहिले मी. बांधावरून गाडीपतुर, डोक्यावर. आता ताठ बसलं की मुंग्या येतात पायाला. सत्यमनं तिकीट काढताना सांगितलं, आई, खुर्ची मागं जाती, आरामात ये. लेकरानं सांगितलं म्हून रेलले. माज म्हून न्हाई.

चतुराबाई : मग हे आधी सांगायचं.

नागुबाई : का म्हून? माझी कंबर सगळ्या इमानाला सांगत फिरू?

चतुराबाई : थांबा. मी ते वरचं बटन दाबलंय. ती इमानातली पोरगी यायली. तीच सांगंल.

स्वप्नाली : नमस्कार. काही हवंय का, मावशी?

चतुराबाई : न्याय पायजे, बाई. ही म्होरं बसलीय ती माझी इहीण. हिच्या पोराला माझी लेक दिलीय. मला न सांगता खुर्ची मागं लोटली अन् माझा डबा फोडला. असं चालतं का तुमच्या इमानात?

नागुबाई : तू नियम सांग ग. मागं घ्यायला परवानगी हाय का न्हाई? तेवढंच सांग.

स्वप्नाली : परवानगी आहे. निघताना आणि उतरताना सीट सरळ ठेवावी लागते. मध्ये मागे घेता येते.

नागुबाई : ऐकलं? हाय परवानगी.

चतुराबाई : नियम नको सांगू, बाई. रीत सांग. कुठली तू? बोलण्यावरून आपल्याकडचीच दिसायलीस.

स्वप्नाली : लातूरची, मावशी.

चतुराबाई : लातूरची ना? मग तुझ्या आईनं तुला शिकवलंच असंल. मागं माणूस बसलेलं असताना पाठ टाकायच्या आधी एक बार वळून बघायचं, का न्हाई?

स्वप्नाली : बघितलं तर बरं असतं. पण नियमात तसं लिहिलेलं नाही. मावशी, डब्यात काय आहे? काचेचं काही फुटलंय का?

चतुराबाई : काच असती तर रडले नसते. हलव्याचे दागिने हायत.

स्वप्नाली : घरी केलेले?

चतुराबाई : ह्या बोटांनी. बघ, टोकं कशी भाजलीत. निवत्या निखाऱ्यावर परात ठिवायची, परातीत तीळ, वरून पाक थेंबथेंब, अन् बोटानं फिरवत बसायचं. घाई केली की गोळा होतो. हात थांबला की काटा येत न्हाई. माझ्या नातीची पयली संक्रांत हाय, बोरन्हाण हाय तिचं बंगळूरला. बिंदी, हार, बाजूबंद, कमरपट्टा अन् हा मुकुट.

नागुबाई : मुकुट मोडला?

चतुराबाई : मोडला! आता इचारायलाव? मधला तुरा तुटला, दोरा तुटला, दाणे घरंगळले. फळीवरून खाली गेले. तुमच्याच पायाखाली असतील.

स्वप्नाली : थांबा, मी कागदी ग्लास आणते. दाणे गोळा करू या.

नागुबाई : अग माय, एवढं नाजूक होतं तर वरच्या कप्प्यात ठिवायचं. फळीवर कोण ठिवतं?

चतुराबाई : वर ठिवून आदळू देऊ? मुखेडपासून नांदेडपतुर यष्टीत मांडीवरून हलवला न्हाई. प्रत्येक खड्ड्याला हातावर झेलला. खड्ड्यांनी सोडला, इहीणबाईंनी न्हाई सोडला.

नागुबाई : मुद्दाम केलं का मी?

चतुराबाई : मुद्दाम केलं असतं तर बरं होतं. निदान मी मागं हाय हे ध्यानात तरी असतं.

नागुबाई : बोला, बोला. आज सगळं बोलून घ्या. अन् मग माझं बी ऐका. बारसं मुखेडला झालं. मी अर्धापूरहून आले, केळीचे घड घेऊन आले, नातीला झबलं घेऊन आले. बसवलं कुठं मला? खांबाच्या मागं. पाळणा दिसत बी नव्हता.

चतुराबाई : गर्दी होती त्या दिवशी.

नागुबाई : माझ्या नातीच्या बारशात मीच गर्दी? रातभर जागून मी पाळणा जुळवला होता मनाशी. पयली ओळ म्हणायला तोंड उघडलं अन् तुमच्या भाच्यानं गाण्याची पेटी लावली. ते ढाणढाण गाणं. कुणी थांब म्हणलं न्हाई. तुमी बी न्हाई. हसत होताव फोटूसाठी.

चतुराबाई : मला ठावंच नव्हतं तुमी म्हणणार होताव.

नागुबाई : मागं वळून बघितलं असतं तर ठावं झालं असतं. तुमचंच बोलणं तुमाला द्यायले.

चतुराबाई : दाणे मोजके होते, ते बघायले. बरं, तुमचं खरं. मी वळून बघितलं न्हाई. पर त्यानं माझा मुकुट जुळतो का?

स्वप्नाली : हे घ्या, मावशी. चार-पाच सीट मागेपर्यंत गेले होते. एका काकांच्या बुटात सापडला एक.

चतुराबाई : लेकराच्या डोक्यावर बुटातला दाणा घालू का मी? ठिव बाई, ठिव. तुझा काय दोष. मला एक सांग, बंगळूर आलं की त्याच इमानानं माघारी जाता येतं का?

स्वप्नाली : म्हणजे? तुम्ही घरी नाही जाणार?

नागुबाई : काय येड्यासारखं बोलायलाव! दारात आलेलं माणूस माघारी जातं का?

चतुराबाई : दार कुठं बघितलंय मी अजून? लेकीला लेकरू होईस्तोवर तिच्या घरचं पाणी पिऊ न्हाई, आमच्यात हे पाळतेत. तुमच्यात बी पाळतेत. लग्न होऊन तीन वर्षं झाली, मी तनुजाचं घर मोबाईलमधी बघते. ती मोबाईल फिरवती, आई, हा ओटा, आई, ही गॅलरी, इथं मी तुळस लावलीय. मी म्हणते, हां ग, छान हाय ग. अन् मोबाईल ठिवून भिंतीकडं बघत बसते. आज पयल्यांदा तिच्या उंबऱ्यात पाय टाकणार होते. लेकीची आई पयल्यांदा जाती ती भरल्या हातानं जाती. मोडका मुकुट घेऊन कशी जाऊ? तुमचे पाव्हणे असतील, सोसायटीतल्या बाया असतील. तनुजाची मान खाली जाईल. त्यापरास माघारी गेलेलं बरं.

नागुबाई : अन् सगळ्यांनी काय म्हणायचं? आजीनं आजीचा मुकुट मोडला, म्हून एक आजी इमानतळावरूनच गेली? तोंड माझं काळं व्हायचं.

चतुराबाई : तुमाला तुमच्या तोंडाचीच पडलीय.

नागुबाई : मग कुणाच्या तोंडाची पडू? द्या हिकडं तो डबा.

चतुराबाई : न्हाई देत. एकदा दाबला ना, पुरे झालं.

नागुबाई : द्या म्हणले ना. घ्या, ही खुर्ची केली सरळ. झालं समाधान? आता कंबर तुटली तरी चालंल. फटीतून द्या.

चतुराबाई : हळू. हळू धरा. बाजूबंद वरच हायत.

नागुबाई : ... बया. काटा किती बारीक आलाय हो. खरंच म्हणायले. माझा हलवा कवाच काट्याला आला न्हाई. सासू म्हणायची, तुझ्या हातात घाई हाय. हे दाणे गाठीगाठीनं बांधलेत ना?

चतुराबाई : हाव. सुई चालत न्हाई त्याला, फुटतो दाणा. एक दाणा, एक गाठ. पर दोराच तुटलाय. तेवढा लांब दोरा आता कुठला आणायचा?

नागुबाई : ओ, उठा जरा. उठा. वरची माझी पिशवी काढा. बंगळूर न्हाई आलं, पिशवी काढा म्हणले. हां. आता झोपा.

चतुराबाई : काय काढायलाव?

नागुबाई : करदोडा. नातीच्या कमरेला आणलाय. काळ्या दोऱ्यात चांदीचे घुंगरू ओवलेत.

चतुराबाई : अहो, सोडू नका! सोडू नका, इहीणबाई. ती आजीनं आणायची वस्तू हाय. तुमची हाय.

नागुबाई : घुंगरू मी पदरात बांधते. दोरा बंगळूरला मिळत न्हाई व्हय? तुमचा हलवा मिळणार न्हाई तिथं, दोरा मिळंल. धरा हे टोक अन् हा मुकुट.

*(दोन खुर्च्यांच्या फटीतून काळा दोरा मागं येतो.)*

चतुराबाई : पांढऱ्या हलव्याला काळा दोरा?

नागुबाई : संक्रांत हाय. काळंच लागतं. अन् दृष्ट बी लागणार न्हाई लेकराला. तुमी गाठी मारा, मी इकडून ताणून धरते. माझी बोटं जाड हायत, मोडतील दाणे.

चतुराबाई : एवढा ताणू नका. तुटंल.

नागुबाई : ढिला सोडला तरी वरडता.

चतुराबाई : मधला धरा. हां, तसाच. तुरा जरा आखूड हुईल.

नागुबाई : होऊ द्या. लेकरू केवढंसं हाय.

चतुराबाई : इहीणबाई.

नागुबाई : काय?

चतुराबाई : तो पाळणा. काय जुळवला होता?

नागुबाई : इसरले मी.

चतुराबाई : खोटं. रातभर जुळवलेलं इसरतं का कुणी?

नागुबाई : इमानात म्हणू का आता? लोक काय म्हणतील?

चतुराबाई : मघापासनं भांडायलाव, ते ऐकलंच की लोकांनी.

नागुबाई : ... केळ निसवली बाई, पान माईना दारात. नात जलमली माजी, ऊन माईना घरात. म्होरं हाय अजून. पर बस एवढं.

चतुराबाई : ऊन माईना घरात.

नागुबाई : गाठ मारा तुमी. हात थांबवू नका.

चतुराबाई : मारली. ही शेवटची. बघा, उभा राहिला तुरा. डबा द्या. आता मी छातीशी धरून बसते, फळीवर ठिवत न्हाई. तुमी रेला.

नागुबाई : ऱ्हाऊ द्या.

चतुराबाई : रेला म्हणते ना. कंबर धरलीय तुमची. मी पाय आखडून घेतलेत.

नागुबाई : बघा हं. रेलते बरं का, इहीणबाई. जरासंच.

चतुराबाई : रेला.

स्वप्नाली : माफ करा मावशी, विमान उतरायला लागलंय. सीट सरळ करावी लागेल.

नागुबाई : अग ए लातूरकरणी! आता कुठं पाठ टेकली होती मी. इतका येळ कुठं गेला होता तुझा नियम?

स्वप्नाली : मावशी, मीसुद्धा आता जाऊन सरळ बसणार आहे. अय्या, जुळला की मुकुट!

चतुराबाई : जुळला. तूच तेवढी म्हणलीस अय्या.

नागुबाई : मी मघाशी काट्याचं बोलले ते इसरलाव? लगेच इसरतेत बघा.

चतुराबाई : न्हाई इसरले. इहीणबाई, दारात ओवाळतील का आधी?

नागुबाई : ओवाळतील. तनुजानं ताट करून ठिवलं असंल. मीच सांगितलं होतं, घरी पोचल्यावर आधी मला ओवाळ म्हून.

चतुराबाई : बरं. मी मागं उभी राहीन. सवय हाय.

नागुबाई : डबा कुणाच्या हातात हाय?

चतुराबाई : माझ्या.

नागुबाई : मग भरल्या हाताचं माणूस मागं कसं उभं राहील? तुमी व्हा म्होरं.

चतुराबाई : अन् तुमी?

नागुबाई : मी चपला काढीत येते मागून. कंबर धरलीय, येळ लागंल.