एकच लाइन चालते

डोळ्यांत थेंब घालून काशीराम बोरीवलीच्या दवाखान्यात डोळे मिटून बसला होता. शेजारी दोघं अचानक भेटली आणि त्याला आयतंच ऐकायला मिळालं.

"कमळताई, आपल्या अंधेरीच्या कारखान्यात आता तीन लाइनी आहेत. चालते एकच."

"का रे सुबोध, ऑर्डर नाही?"

"ऑर्डर ढीगभर आहे. सोल्डरिंगला बायका मिळत नाहीत. पोरी येतात, आठवड्यात मॉलमध्ये नोकरीला जातात. तुम्ही या ना परत."

"डोळे अधू झाले म्हणून तूच काढलंस ना मला?"

"तेव्हा गेटवर रांग असायची हो."

"आणि तू इथे कशाला?"

"लाइनवर मीच बसतोय. जोड नीट दिसत नाहीत."

"मग तुलाही काढतील."

"नाही काढणार. माझ्या जागी बसायला आहे कोण?"